रिपोर्ट नॉर्मल, तरी हाड मोडलं

आजचा विषय हाडांचा आहे, पण बोलणं बरंचसं साखरेवर होणार आहे. ते का, हे माझ्या घरातल्याच एका गोष्टीवरून सांगतो.

माझी मोठी बहीण राजनांदगावला असते. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. वय ७२, मधुमेह १६ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी ती रायपूरला माझ्याकडे आली होती, तेव्हा तिची डेक्सा तपासणी करून घेतली. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. खुब्याचा टी-स्कोअर उणे ०.९ आला. उणे १ पर्यंत नॉर्मल आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखलेली रेघ मला ठाऊक होती. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "ताई, तुझी हाडं फौजेत भरती होतील." तीही खूश झाली. तो कागद तिनं लग्नाच्या अल्बमसारखा जपून ठेवला.

यंदा पावसाळ्यात तुळशीला पाणी घालून वळताना तिचा पाय सरकला. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, उभ्या जागी बसकण मारल्यासारखी पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन करून आत रॉड घालावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न मला विचारला, "अरे, माझा रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?"

मी डॉक्टर नाही. पायदळात आयुष्य काढलेला माणूस आहे. पण प्रश्न मला विचारला होता आणि रुबाबही मीच दाखवला होता, त्यामुळे उत्तर शोधणं भाग होतं. गेले काही महिने वाचन केलं, ओळखीच्या डॉक्टरांना पिडलं. जे समजलं ते आज सांगतो.

रायपूरकरांना हाड समजावून सांगणं सोपं आहे. सिलतरा-उरल्याच्या बाजूला गेलात की सरिया तयार करणाऱ्या मिल दिसतात. महाराष्ट्रात आपण सळई म्हणतो, इथे सगळे सरियाच म्हणतात. घराचा कॉलम कशाचा असतो? सिमेंट-काँक्रीट दाब सहन करतं, आत असलेला सरिया ताण आणि वाक सहन करतो. नुसतं काँक्रीट असेल तर वजन पेलेल, पण भूकंपाचा एक झटका बसला की तडकन फुटेल. हाडाचंही तसंच. कॅल्शियम-फॉस्फरसचे स्फटिक हे त्याचं काँक्रीट, आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे हा त्याचा सरिया. हाडाला जी थोडीशी लवचीकता असते, धक्का बसल्यावर किंचित वाकून परत येण्याची, ती या कोलॅजनची.

आता मुद्द्याचं. डेक्सा मशीन फक्त काँक्रीट मोजतं. ठरावीक क्षेत्रफळात खनिज किती, एवढंच. सरिया गंजलाय का, हे त्याला दिसतच नाही. मधुमेहात नेमका सरिया खराब होतो.

कसा, ते बघू. तुम्ही एचबीए१सी तपासणी करता, तिला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो. त्यात मोजतात काय? रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते, ते चिकटलेलं प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मोडीत निघते, म्हणून हिशोब तीन महिन्यांचा. पण साखर काही फक्त हिमोग्लोबिनला चिकटत नाही. ती कोलॅजनलाही चिकटते. आणि हाडातलं कोलॅजन १२० दिवसांत बदलत नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच असतं. चिकटलेल्या साखरेचे हळूहळू पक्के सांधे होतात, एक धागा दुसऱ्या धाग्याला नको तिथे जखडला जातो. पाक गार होऊन कडक झाला की चिक्की कशी वाकत नाही, तुकडा पडतो, तसं काहीसं. काँक्रीट तेवढंच आहे, वजनात फरक नाही, डेक्साचा आकडा छान आहे, पण लवचीकपणा गेला. ताईच्या हाडात १६ वर्षं हेच चाललं होतं, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं तरी तिची साखर वाऱ्यावर सोडलेली होती, हे तीही कबूल करते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. हाड म्हणजे दगड नाही, ते सतत खणलं आणि भरलं जात असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नवा होतो. रोजच्या चालण्या-उतरण्यात हाडात केसासारख्या बारीक भेगा पडतात. एक टोळी येऊन खराब भाग खरवडते, दुसरी नवा माल भरते. सीमेवरच्या डोंगरी रस्त्यांवर सीमा सडक संघटनेच्या तुकड्या बारा महिने हेच करत असतात, ते मी पाहिलंय. दरड पडणं थांबत नाही. रस्ता चालू राहतो तो तुकडी हजर असते म्हणून.

फौजेत या दुरुस्तीचं गणित चुकलं की काय होतं, हे आम्हाला फार जुनं ठाऊक आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी सर्जननं लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा ४० वर्षं होती, त्यामुळे आत काय झालंय हे त्याला कळणं शक्य नव्हतं. पुढे कळलं की पावलाच्या हाडांना चिरा गेलेल्या असतात. त्याला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. रंगरूट तरुण असतो, हाडं उत्तम असतात, पण एकदम मैलोन्‌मैल परेड सुरू होते आणि भेगा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे जातो. पोरगा पाय दुखतो म्हणतो, एक्स-रे सुरुवातीला साफ येतो, आणि हवालदार समजतो की पठ्ठ्या कामचुकार आहे. मीही तरुण अधिकारी असताना एकाला असं समजलो होतो.

मधुमेहात उलट होतं. भार तेवढाच, पण दुरुस्तीची तुकडीच सुस्त. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या हाडात खणण्या-भरण्याचं काम मंदावलेलं आढळतं. जुना, साखरेनं कडक झालेला माल तसाच राहतो आणि भेगा साचत जातात. रंगरूट आणि माझी ताई, दोघांचा एक्स-रे साफ, दोघांचं हाड आतून खचलेलं. रिपोर्टवर विसंबणारा मीच, तेव्हाही आणि आताही.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात हजारो वयस्क माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा एक अभ्यास चालतो. २०१३ मध्ये त्यातून असं पुढे आलं की ज्यांचा मधुमेह नीट ताब्यात नव्हता, म्हणजे एचबीए१सी ७.५ किंवा वर, त्यांच्या हाडांची घनता इतरांपेक्षा थोडी जास्तच होती, आणि तरीही हाड मोडण्याचा धोका जवळपास दीडपट होता. ज्यांनी साखर ताब्यात ठेवली होती त्यांच्यात असा जादा धोका दिसला नाही. २०११ मध्ये अमेरिकन संशोधकांनी आणखी एक उपयोगी हिशोब मांडला: त्याच धोक्यासाठी मधुमेही स्त्रीचा टी-स्कोअर साधारण ०.६ नं चांगला दिसतो. सोप्या भाषेत, मधुमेही बाईचा रिपोर्ट उणे १.९ असेल तर तो उणे २.५ सारखा वाचायला हवा. ताईचा उणे ०.९ मनातल्या मनात उणे १.५ धरायचा होता, म्हणजे नॉर्मलच्या रेघेखाली. तेवढ्यानं ऑस्टिओपोरोसिस ठरत नाही. पण फौजेत भरती होण्याची भाषा तरी मी केली नसती.

घनता म्हणजे ताकद नव्हे, याचा पुरावा आपल्या शेजारीही आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या एक्स-रेमध्ये हाडं पांढरीशुभ्र, दाट दिसतात, आणि माणूस मात्र वाकलेला, सांधे आखडलेला. एके काळी डॉक्टरांना वाटलं की फ्लोराइडनं घनता वाढते तर ते औषध म्हणून का देऊ नये? अमेरिकेत मेयो क्लिनिकनं पाळी गेलेल्या स्त्रियांना चार वर्षं देऊन पाहिलं, निकाल १९९० मध्ये आला. मणक्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडायचे काही कमी झाले नाहीत, आणि इतर हाडं जास्त मोडली.

आता कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, मला मधुमेह नाही, मी निघतो. जरा थांबा.

चयापचय बिघडतो तो मधुमेहाच्या बराच आधी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, अंगात बारीक आचेवर दाह चालू राहतो. इन्सुलिन हे फक्त साखर उतरवणारं रसायन नाही, हाड बांधणाऱ्या पेशींनाही ते कामाला लावतं. म्हणून टाइप १ मधुमेहात, जिथे इन्सुलिन जवळजवळ नसतंच, तिथे घनताही कमी असते आणि खुबा मोडण्याचा धोका टाइप २ पेक्षा कितीतरी जास्त. शिवाय हाडाच्या मगजात एकच मूळ पेशी असते जी पुढे हाड बांधणारी होऊ शकते किंवा चरबीची पेशी होऊ शकते. चयापचय बिघडला की तिचा कल चरबीकडे झुकतो. म्हणजे चरबी पोटावर दिसते तेवढीच नसते, हाडाच्या आतही ती जागा बळकावते.

"पण मी तर सडपातळ आहे." हे वाक्य आपल्या लोकांत फार चालतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला सुरुंग लावला. २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. कपड्यांवरून दोघे सारखेच सडपातळ. आपला बांधा असा: हातपाय काटकुळे, स्नायू कमी, चरबी लपलेली. स्नायू कमी म्हणजे साखर खपवायला गोदाम लहान, आणि हाडावर ओढ देणारा दोरही बारीक.

याज्ञिकांच्याच गटाचं एक काम मला सर्वांत जास्त चटका लावून गेलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, कमी वजनाच्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी. पण हलकेपणा स्नायूंत होता, चरबी त्या मानानं टिकून होती. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडं डेक्सावर मोजली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. ज्या आयांनी गरोदरपणात दूधदुभतं, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळं असे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाल्ले, आणि ज्यांच्या रक्तात फोलेट चांगलं होतं, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भक्कम होती. म्हणजे साखरेची गडबड आणि हाडाचा पाया, दोन्ही एकाच ठिकाणी ठरायला लागतात, आईच्या पोटात. आजी-आजोबांची औषधं आपण घड्याळ लावून देतो. सून गर्भार असेल तर तिच्या ताटात भाजी आणि दूध पडतंय का, हे घरात कोण बघतं?

आपल्या राज्याला लागू असलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. छत्तीसगडमध्ये आणि लगतच्या विदर्भात सिकलसेल बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवस जगत नाही, लवकर मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे एचबीए१सी खोटंच कमी दिसतं. नुसता वाहक असला तरी काही तपासणी पद्धतींमध्ये आकडा हलू शकतो. उलट लोह कमी असेल तर तो वाढलेला दिसतो. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. बोटातून घेतलेल्या साखरेची वही किंवा फ्रुक्टोसामिन नावाची दुसरी तपासणी, यांवरून ते अंदाज घेऊ शकतात.

डेक्सा करूच नये असा अर्थ काढू नका. ती करावी, आकडा वाईट आला तर तो खराच वाईट असतो. आकडा चांगला आला तर मात्र आणखी चार प्रश्न विचारायचे. मधुमेह किती वर्षांचा? आधी कधी किरकोळ पडण्यात हाड मोडलंय का? आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का? उंची कमी झालीय का? तरुणपणच्या उंचीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी भरलं तर मणका न कळत दबलेला असू शकतो. म्हातारपणी मणक्याच्या कडांना हाड वाढतं, त्यामुळे कमरेचा आकडा फुगलेला येतो हेही लक्षात ठेवा. खुब्याचा आकडा अधिक भरवशाचा.

औषधांबद्दल एवढंच. पायोग्लिटाझोन नावाची साखरेची गोळी विशेषतः स्त्रियांत हाड मोडण्याचा धोका वाढवते, हे सिद्ध आहे. मेटफॉर्मिन हाडांना त्रास देत नाही, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात जास्तच. मग पाय बधिर होतात आणि माणूस पडतो. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचं हाड आणि साखर दोन्ही बिघडतं. मनानं काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि ते ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट कुणाच्याही सांगण्यावरून दर आठवड्याला फाडू नका. कमतरता असेल तर ते हवंच, पण जास्त म्हणजे चांगलं असं नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन पाहिलं, तर त्या जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली.

खाण्याचं सांगायचं तर आपण धानाच्या कटोऱ्यात राहतो. सकाळी चिला, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. भाताशी माझं वैर नाही, पण ताटात भाताचा डोंगर आणि डाळीचं तळं असं असतं, ते प्रमाण बदलायला हवं. आणि उपाय इथेच आहे. बस्तरमध्ये मंडियाची पेज पितात. मंडिया म्हणजे आपली नाचणी. १०० ग्रॅममध्ये ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. इथल्या बाजारात मुनगा भाजी मिळते, शेवग्याचा पाला, त्यातही १०० ग्रॅमला ३०० च्या घरात. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. दूध, दही, डाळ, चणे, अंडी, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडं हवं, कारण सरिया प्रथिनांचा असतो. मात्र नाचणीचीही पेज खळ्ळकन ओतून चार वाट्या प्यायली तर साखर चढणारच. वाटी एकच, सोबत डाळ किंवा दही.

व्यायामाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तेलीबांधा तलावाच्या कडेनं रोज सकाळी आपली मंडळी फिरतात, मीही फिरतो. साखरेसाठी ते उत्तम. पण गप्पा मारत सपाट रस्त्यावर चालण्यानं हाडाला नवीन काहीच कळवलं जात नाही. हाडाला ओढ आणि भार लागतो. अंतराळवीर तरुण आणि धडधाकट असतात, तरी वजनरहित अवस्थेत महिन्याला सुमारे एक टक्का हाड गमावतात. ऑस्ट्रेलियातच २०१८ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: हाडं कमकुवत झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चांगलं जड वजन उचलायला लावलं. आठ महिन्यांत त्यांची घनता वाढली. घरी एकट्यानं बारबेल उचला असं मी म्हणत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जिना, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. ज्यांचे मणके दबलेत त्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम आणि आसनं टाळावीत, आणि डोळ्यांत मधुमेहाचा रक्तस्राव झाला असेल तर वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारावं.

हाड मोडायला बहुतेक वेळा आधी पडावं लागतं, ही साधी गोष्ट आपण विसरतो. मधुमेही माणूस पडतो तो पाय बधिर म्हणून, नजर अधू म्हणून, आणि पहाटे साखर खाली गेल्यानं डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून. ७० च्या पुढच्या माणसाची साखर फार कसून खाली ठेवू नये, असं डॉक्टर म्हणतात ते याचसाठी. ताईच्या अंगणात शहाबादी फरशीवर शेवाळ होतं. आम्ही सगळ्यांनी ते दर पावसाळ्यात पाहिलेलं होतं.

आता ती वॉकर सोडून काठीवर आली आहे. डॉक्टरांनी हाडांसाठी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इतक्या साध्या पडण्यात खुबा मोडला की टी-स्कोअर काहीही असो, उपचार करायचेच. मी दर रविवारी फोन करून विचारतो, खुर्चीवरून किती वेळा उठलीस. परवा म्हणाली, "अकरा." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तू?"

मी मोजलेलं नव्हतं.